शुश्रूषागृहांतील आपले वृद्धजन
(सुवर्णमहोत्सवाच्या दुसऱ्या सायंकाळीं धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या सायंकाळीं आमच्याकडून कोणी आनंदाचें भाषण अपेक्षिलें असेल, तर त्याची थोडी निराशा होईल. या स्मरणिकेच्या कामासाठीं आम्ही गेले तीन महिने जुनीं दप्तरें चाळीत होतों. देवालयाच्या पायासाठीं ज्यांनीं वाळू वाहिली, विटा दिल्या, रात्रीं कंदील धरून उभे राहिले, त्यांच्या नांवांची यादी एका वहींत सांपडली. त्यांतील बहुतेक मंडळी देवाघरीं गेली आहेत. जे हयात आहेत त्यांना व्यासपीठावर बसवून शाल अर्पण करावी, असा समितीचा विचार होता. तेव्हां असें आढळून आलें कीं, त्यांपैकीं तिघेजण शहरांतील शुश्रूषागृहांत आहेत, आणि आपण कोणत्या गांवचे हें त्या तिघांसही आज सांगतां येत नाहीं. त्यांच्या शाली घरच्या माणसांकडे पोंचत्या कराव्या, असें एका सभासदानें सुचविलें. आम्हींही मान हलविली. त्या मान हलविण्याची खंत मनांत राहिली, म्हणून हा विषय.

प्रथम एका शब्दाविषयीं. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलें कीं बाळंतपणाचें किंवा शस्त्रक्रियेचें लहान खासगी रुग्णालय डोळ्यांपुढें उभें राहतें. आम्ही बोलत आहों तें निराळें. ज्या घरांत वृद्ध माणसें कायमचीं राहतात, आणि त्यांना उठविणें, न्हाऊं घालणें, भरविणें, औषध देणें हीं कामें पगारी माणसें करितात, तें शुश्रूषागृह. अशीं घरें आपल्याकडे वाढूं लागलीं आहेत व पुढेंही वाढणारच. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासावरून, भारतांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज निघाला, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक. मुलें परगांवीं, घरें लहान, आणि दुखणें वर्षानुवर्षें चालणारें. आईबापांना अशा ठिकाणीं ठेवणाऱ्या मुलांना दोष देण्यासाठीं आम्ही उभे राहिलों नाहीं. रात्रींतून तीन वेळां उठून दार अडविणाऱ्या सुनेचे डोळे ज्यानें पाहिले आहेत, तो तिला दोष देणार नाहीं.

स्मृतिभ्रंश म्हणजे नुसता म्हातारपणाचा विसराळूपणा नव्हे. तो मेंदूचा रोग आहे. आल्झायमर नांवाच्या जर्मन वैद्यानें १९०१ सालीं फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयांत एका एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीला तपासलें, व तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू पाहून १९०६ सालीं त्या रोगाचें वर्णन केलें. त्याचेंच नांव आज त्या रोगास आहे. त्यावर समूळ उपाय अद्याप नाहीं. परंतु रोग बरा करतां येत नाहीं यावरून रोग्यासाठीं कांहींच करतां येत नाहीं असें जें अनुमान निघतें, तें चुकीचें आहे, आणि या चुकीचे वांटेकरी आम्ही स्वतः आहों.

त्या तिघांपैकीं एका आजीकडे आम्ही दर महिन्यास जात असूं. भेट दहा मिनिटांची. ख्रिस्तप्रसाद द्यावा, कपाळावर हात ठेवावा, "आजी, मला ओळखलंत का?" असें मोठ्यानें विचारावें, आणि उत्तर आलें नाहीं म्हणजे पुढील खाटेकडे वळावें. तेथील मावशी सांगत, "फादर, ही आजी रात्री तीनला उठते, दाराची कडी वाजवते, काहीतरी बडबडते, अडवलं तर मारते." यास्तव तिला रात्रीं शामक औषध सुरू झालें. त्यानें ती दिवसाही पेंगूं लागली, एकदां पडली, आणि मग दुपारभर तिला खुर्चीशीं ओढणीनें बांधून ठेवण्याची सोय झाली. आम्हीं तें पाहिलें. त्या वेळीं आमच्या मनांत आलें तें इतकेंच कीं, निदान आतां पडणार तरी नाहीं.

पुढें एके दिवशीं आमच्या सोबत याच धर्मग्रामांतील एक वयस्क बाई आल्या होत्या. आजी पुटपुटत होती. बाईंनीं क्षणभर कान दिला, हंसल्या, आणि तिच्याशीं भराभर बोलूं लागल्या. ती बडबड नव्हती. ती तुमची सामवेदी बोली होती. आम्ही पडलों घाटावरचे. बारा वर्षें येथें राहूनही ती बोली आम्हांस नीट आलेली नाहीं, आणि त्या घरांतल्या मावशींना तर ती कोठून येणार? आजी विचारीत होती, गाडी आली का. चाळीस वर्षें ती पहांटे तीनला उठून, भाजीची टोपली भरून, वसईहून मुंबईच्या बाजाराकडे पहिल्या गाडीनें जात होती. तिचें घड्याळ बिघडलें नव्हतें. आम्हां सर्वांनाच तें वाचतां येत नव्हतें.

अनेक भाषा बोलणाऱ्या माणसास हा रोग झाला म्हणजे मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदां आधीं सुटते, व आईच्या मांडीवर शिकलेली मागें राहते. आमची पुस्तकी मराठी आजीच्या कानांवरून वाहून जात असे.

त्या बाईंनीं मावशींना सर्व समजावून दिलें. आतां आजी तीनला उठली तर तिला कोणी परत निजवीत नाहीं. तिला चहा देतात, दाराजवळच्या बांकावर बसवितात, एक रिकामी टोपली व निवडायला वालाच्या शेंगा देतात. येथें आम्हांस शंका आली, कीं हें खोटें बोलणें तर नव्हे? "गाडी येतेय" असें तिला सांगावें काय? तसें सांगूं नये, असें आमचें मत आहे. त्या बाई गाडीचें नांवच काढीत नाहींत, त्या विचारतात, "टोपलीत आज काय काय भरलंय?" आणि आजी सांगूं लागते. यांत लबाडी नाहीं. अर्ध्या तासानें ती आपण होऊन निजते. डॉक्टरांनीं औषध हळूहळू उतरविलें, आणि ओढणी पुन्हां ओढणीच्या जागीं गेली. ती बरी झाली असें मात्र कोणी समजूं नये. आजही ती आम्हांस ओळखत नाहीं, आणि मागच्या भेटींत तिनें आमच्या झग्यावर चहा सांडला.

हें एकाच घराचें दुखणें नव्हे. इंग्लंडांत २००९ सालीं प्राध्यापक सुब बॅनर्जी यांनीं सरकारला सादर केलेल्या अहवालांत असें दाखविलें, कीं तीव्र मनोविकारांसाठीं तयार केलेलीं औषधें त्या देशांत स्मृतिभ्रंशाच्या सुमारें १,८०,००० रुग्णांना वर्षभरांत दिलीं जात होतीं. त्यांपैकीं फार तर ३६,००० जणांना कांहीं उपयोग होई, आणि त्यांच्या पायीं दरवर्षीं सुमारें १,८०० मृत्यु अधिक घडत. अमेरिकेंत १९८७ च्या कायद्यानेंच शुश्रूषागृहांतील माणसास, केवळ सेवकांच्या सोयीसाठीं बांधलें न जाण्याचा व औषधानें गुंगविलें न जाण्याचा हक्क दिलेला आहे. तरीही २००५ सालीं तेथील औषधनियंत्रण खात्यास या जातीच्या नव्या औषधांवर मृत्यूचा इशारा छापण्याची सक्ती करावी लागली. हें ऐकून कोणीं घरीं जाऊन आईचें औषध आपल्या मतानें बंद करूं नये. तें काम डॉक्टरांचें. पण "हें औषध कशासाठीं, आणि किती दिवस?" असें डॉक्टरांना विचारण्याचा अधिकार मुलांना आहे, आणि तो वापरला जात नाहीं.

औषध उतरविलें म्हणजे काम संपलें असेंही नाहीं, आणि आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. प्राध्यापक क्लाइव्ह बॅलार्ड व त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांत १६ शुश्रूषागृहांत प्रयोग केला. औषधांची फेरतपासणी झाल्यावर त्यांचा वापर निम्म्यावर आला. परंतु जेथें औषध कमी केलें व त्याची जागा माणसाच्या सहवासानें भरली नाहीं, तेथें रुग्णांचा त्रास वाढला. जेथें दोन्ही झालें तेथें मृत्यूही कमी दिसले. पुढें ६९ घरांत ८४७ रुग्णांसह मोठा प्रयोग झाला, त्याचा वृत्तान्त २०१८ सालीं आला. सेवकांना शिक्षण दिलें, प्रत्येक रुग्णाची आवडनिवड समजून घेतली, आणि आठवड्यास एक तास त्याच्याशीं त्याच्या आवडीचें बोलणें वा काम केलें. एवढ्यानें क्षोभ कमी झाला, जगणें सुसह्य झालें, आणि खर्च वाढण्याऐवजीं उतरला. आठवड्यास एक तास! आमची महिन्याचीं दहा मिनिटें आम्हांस तेव्हां आठवलीं.

दुसरी एक गोष्ट वेदनेची. जो बोलूं शकत नाहीं त्याचा गुडघा दुखत नाहीं असें नव्हे. नॉर्वेमध्यें १८ शुश्रूषागृहांतील ३५२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना पायरीपायरीनें वेदनाशामक औषध देण्यांत आलें. बहुतेकांना तर साधें पॅरासिटामॉलच. आठ आठवड्यांत त्यांची आदळआपट बऱ्याच अंशानें कमी झाली. म्हातारा अंगावर येतो, शिव्या देतो, तर आधीं त्याचे दांत पाहावे, पाय पाहावे, पोट साफ आहे का विचारावें, कानांत मळ आहे का बघावें. आणि कालपर्यंत बरा असलेला माणूस एकाएकीं दोन दिवसांत भ्रमिष्ट झाला, तर तें स्मृतिभ्रंशाचें वाढणें समजून बसूं नये. लघवीचा किंवा छातीचा दाह असूं शकतो, डॉक्टरांस त्वरित बोलवावें.

या विषयांत टॉम किटवुड यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. हे गृहस्थ एके काळीं आंग्लिकन पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक होते; पुढें ब्रॅडफर्ड विद्यापीठांत मानसशास्त्राचे अध्यापक झाले. १९९८ सालीं वारले. तासन् तास शुश्रूषागृहांत बसून, कोण कोणाशीं कसें वागतो याची नोंद त्यांनीं केली. त्यांना दिसलें तें असें, कीं रोग्याचा ऱ्हास केवळ मेंदूमुळें होत नाहीं. त्याच्या डोक्यावरून परस्पर बोलणें, त्याला बाळासारखें वागविणें, त्याच्या गतीहून भरभर घास भरविणें, तो हांक मारीत असतां ऐकूं न आल्यासारखें करणें, याही गोष्टी त्याला खालीं ढकलतात. आणि हें करणारीं माणसें बहुधा दुष्ट नसतात. आमच्या दहा मिनिटांत यांतले तीन दोष तरी होतेच. "ओळखलंत का?" ही तर निव्वळ परीक्षाच, जींत समोरचा नापास होणार हें आम्हांस आधींच ठाऊक असे. आतां आम्ही आपलें नांव सांगतों व बसतों.

हॉलंडांत आम्स्टरडामजवळ वेस्प येथें २००९ पासून अशा रुग्णांसाठीं एक वसाहतच आहे; दुकान, नाट्यगृह, रस्ते, आणि सारख्या राहणीच्या माणसांचीं लहान लहान घरें. तें आपल्या खिशाबाहेरचें. समितीनें महोत्सवाच्या शिलकींतून एखादी खोली बांधून द्यावी, अशी सूचनाही आली होती. खोली नको असें आम्ही म्हणत नाहीं, पण आजीला खोली कमी पडली नव्हती.

म्हणून आम्हीं एक कागद तयार केला आहे. एकच पान. घरीं कोणत्या नांवानें हांक मारीत, कोणती बोली, कोणता धंदा, उठण्याची वेळ, चहांत साखर किती, मासळी कोणती आवडे, कांटा काढून लागते का, चष्मा, कवळी, कानाचें यंत्र, कोठें दुखतें, कशाची भीति, कोणतें गाणें, कोणती प्रार्थना, आणि कोणत्या मृत्यूची आठवण पुन्हां पुन्हां करून देऊं नये. ज्यांचें माणूस अशा घरीं आहे त्यांनीं हा कागद भरून खाटेजवळ लावूं द्यावा. त्यांच्या संमतीवांचून कांहीं लावलें जाणार नाहीं. आणि ज्यांचें कोणी अजून तेथें गेलेलें नाहीं, पण विसरूं लागलें आहे, त्यांनीं तो आजच भरावा, कारण पुढें विचारायला गेलें तर उत्तर मिळत नाहीं.

तिन्ही शाली आम्हीं परत मागवून घेतल्या आहेत. येत्या रविवारीं दुपारीं तीन वाजतां देवालयाच्या फाटकापासून गाडी निघेल. बारा जणांना जागा आहे. सामवेदी व वाडवळी बोलणाऱ्यांनीं आधीं नांवें द्यावीं, आणि वालाच्या शेंगा ज्यांच्या वाडींत असतील त्यांनीं थोड्या घेऊन याव्या.