वकिलीचं शिक्षण : आधी तारीख, मग फी



पदवीचा निकाल लागला की जून-जुलैत आपल्या परभणी जिल्ह्यातली मुलं विधी महाविद्यालयात चौकशीला जातात. तिथं कळतं, की प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, म्हणजे सीईटीतून होतो आणि ती परीक्षा तर उरकली! मग वर्ष वाया जातं, नाहीतर ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती घरचा पैसा पडतो. हे टाळता येतं.

सीईटीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज भरता येतो. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत खुल्या प्रवर्गासाठी ४५, ओबीसींसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. सीईटीत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका.

परभणीतच श्री शिवाजी विधी महाविद्यालय आहे. सेलू-मानवतच्या मुलाला घरून ये-जा करता येते. पुण्यातली खोली आणि खाणावळ यांचा खर्च वाचतो. वकिलीची सनद मात्र तीच मिळते.

आता फीविषयी. शासनाची फीसवलत हवी असेल, तर प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ती मिळत नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. या सवलतींचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता यांपैकी जे लागू असेल ते आधीच काढून ठेवा. वैधतेला फार वेळ लागतो.

सनदेच्या नोंदणीसाठीही आता हजारो रुपये लागत नाहीत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं, की बार कौन्सिलनं खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेऊ नये.

मजुराच्या, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला वकील गावाला हवा आहे. म्हणून शेवटच्या वर्षातल्या मुला-मुलींनो, दिवाळी झाली की राज्य सीईटी कक्षाचं संकेतस्थळ दर आठवड्याला पाहा, आणि आपल्या वर्गातल्या दोघांना तरी अर्जाची तारीख सांगा.