उचल आणि यारी

(आजरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा आरंभ गव्हाणीत मोळी टाकून होतो. अध्यक्ष, संचालक आणि पाहुणे जमतात, पूजा होते आणि चार प्रतिष्ठितांचे हात लागून उसाची एक मोळी गव्हाणीत पडते. त्या दिवसानंतर मात्र गव्हाणीपाशी माणसाचा हात मोळीला फारसा लागत नाही. आजरा तालुक्यात गवसे येथे सहकारी साखर कारखाना आहे. तेथे किंवा जिल्ह्यातील दुसऱ्या कोणत्याही कारखान्याच्या आवारात हंगामात उभे राहून पाहावे. उसाने भरलेला ट्रक येतो. ऊस भरण्यापूर्वीच त्याच्या तळाशी तारेचे दोर अंथरलेले असतात. वरून यारीचा आकडा खाली येतो, दोरांची टोके त्यात अडकवली जातात, आणि कित्येक टनांचा भार काही मिनिटांत उचलला जाऊन गव्हाणीच्या दिशेने लोळतो. यारी हा पुस्तकी शब्द. बोलताना सारे तिला क्रेनच म्हणतात. यंत्रयुगाने माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरविले, या विधानाला याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज भासू नये.

परंतु तोच ट्रक जेथून आला त्या फडाकडे परत जाऊन पाहिले, तर पुरावा उलटतो. तेथे यारी नाही. ट्रकला एक फळी किंवा शिडी टेकवलेली असते. डोक्यावर मोळी घेतलेली बाई त्या फळीवरून चढते, मोळी वर टाकते, उतरते आणि पुन्हा सरीतून मोळी आणायला जाते. वर उभा असलेला पुरुष मोळ्या रचतो. पुष्कळदा तोही डोक्याने ऊस वाहतो. ऊसतोडीच्या भाषेत या पद्धतीला ‘डोकी सेंटर’ असे नावच पडले आहे. ज्या धंद्यात माणसाच्या डोक्याची गणना वाहतुकीच्या साधनांत होते, त्या धंद्याचे अर्थशास्त्र या एका शब्दात सामावलेले आहे.

एकच ऊस, एकच ट्रक, एकच दिवस. एका टोकाला वीज आणि पोलाद, दुसऱ्या टोकाला मान आणि कणा. हे असे का, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम थोडे गणित करू या. मोळी 25 किलोची धरली, तर 10 टनांचा ट्रक भरण्यासाठी 400 मोळ्या चढवाव्या लागतात. चढणाऱ्या माणसाचे स्वतःचे वजन 50 किलो धरले, तर 10 टन उसाबरोबर 20 टन मानवी शरीरही त्या फळीवरून वर न्यावे लागते. फडातून वाहनापर्यंतची पायपीट यात धरलेलीच नाही. दिवसाला 2500 टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा सर्व ऊस असाच भरला जातो असे मानले, तर रोज एक लाख मोळ्या कोणाच्या तरी डोक्यावरून जातात. आता यंत्राच्या बाजूने पाहा. 10 टन वजन 3 मीटर उंच नेण्यास लागणारी निव्वळ ऊर्जा विजेच्या मापाने एका युनिटच्या सुमारे बाराव्या भागाइतकी आहे. घर्षण, मोटार आणि जलदाब यांत चौपट ऊर्जा वाया गेली असे समजले, तरी अर्ध्या युनिटच्या आत काम भागते. म्हणजे शेकडो वेळा मान मोडून जे काम केले जाते, त्याला एक दिवा काही तास जळण्याइतकीही शक्ती लागत नाही. तेव्हा ‘यंत्र परवडत नाही’ या उत्तरावर थांबता येणार नाही. कोणाला परवडत नाही, असे पुढे विचारलेच पाहिजे.

मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात, 1867 साली, इंग्लंडमधील कालव्यांचा दाखला दिला आहे. तेथे नावा ओढण्याच्या कामी काही ठिकाणी घोड्यांऐवजी स्त्रियांना जुंपले जात असे. घोडा आणि यंत्र यांचा खर्च काटेकोर मोजला जातो. गरजू स्त्रीच्या पोषणाचा खर्च मात्र हिशेबात धरण्याइतकाही नसतो, हे कारण त्याने सांगितले. ऊसफडात आज दीडशे वर्षांनंतरही हेच कारण लागू आहे. कारखान्याच्या दारात वाहन अडकून पडले तर गिरणी थांबते, वाळणाऱ्या उसाचा उतारा घटतो आणि वाहनाची फेरी बुडते. हा प्रत्येक तोटा कोणाच्या तरी वहीत रुपयांत लिहिला जातो, म्हणून तेथे यारी येते. फडात जे झिजते ते कोणाच्याच वहीत लिहिले जात नाही. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. दर ठरतो तो टनामागे, आणि त्यात तोडणे, मोळी बांधणे, वाहणे व भरणे हे सारे गृहीत असते. ओझे उचलण्याच्या कामाला स्वतंत्र किंमतच नसेल, तर ते काम वाचविणाऱ्या यंत्रालाही किंमत राहत नाही.

मराठी भाषेने येथे एक कटू श्लेष आपसूकच करून ठेवला आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून कामगार जी आगाऊ रक्कम घेतो, तिला ‘उचल’ म्हणतात. ज्याने उचल घेतली, त्यानेच मोळी उचलायची. जोवर पहिली उचल फिटत नाही तोवर दुसरीतून सुटका नाही, आणि टनावारीच्या दरात पहिली फिटावी म्हणून दुसरी वाढवीत जावे लागते. कर्ज हीच येथील कप्पी आहे. फरक इतकाच की ती माणसाला वर ओढण्याऐवजी खाली खेचते.

शरीराची ही झीज किती खोल जाते, याची जाणीव महाराष्ट्राला 2019 साली झाली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. याची कारणे अनेक आहेत: दारिद्र्य, उघड्यावरचा निवारा, पाण्याचा व शौचालयाचा अभाव, खाडा झाल्यास पडणारा दंड आणि वैद्यकातला बाजार. त्या सर्वांच्या जोडीला रोजचे ओझे आहे, हे विसरता येणार नाही.

ओझ्याला मर्यादा असावी हा विचार जगाला नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली 127 क्रमांकाचा करार संमत केला. आरोग्यास धोका होईल एवढे ओझे कोणत्याही कामगाराला वाहायला लावू नये, आणि स्त्रियांसाठी ते पुरुषांपेक्षा पुष्कळच कमी असावे, असे त्याचे सार आहे. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचविण्यात आली. भारताने या करारास मान्यता दिली ती 2010 साली, म्हणजे 43 वर्षांनी. दरम्यान महाराष्ट्रातील हमालांनी वाट पाहिली नाही. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींनी संघटना बांधल्या. त्या चळवळीतून 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. कामगारांची आणि मालकांची नोंदणी, मंडळामार्फत मजुरी आणि मजुरीवर लेव्ही ही त्याची त्रिसूत्री होती. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठीही हमालांना झगडावे लागले. बाजारपेठेत पोते हलके झाले ते यंत्रामुळे नव्हे, संघटनेमुळे. मात्र डोक्यावर ओझे वाहूनही ऊसतोड कामगार माथाडी ठरला नाही. त्या कायद्याचे छत्र त्याच्या वाट्याला आले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. यंत्र ओझे घेते तेव्हा भाकरीही घेते. मुंबईच्या गोद्यांचा इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. पी. डिमेलो आणि त्यांच्या मागून जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्या गोदी कामगारांत काम केले, त्यांच्या घामावर बंदर चालत होते. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 पेट्या घेऊन निघाले आणि कंटेनरच्या युगाला आरंभ झाला. पोती, पिंपे आणि गासड्या एकेक करून वाहण्याऐवजी यारीने अख्खी पेटीच उचलावी, ही ती कल्पना. 1989 मध्ये न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले, कंटेनरचा माल तिकडे वळत गेला, आणि जुन्या गोदीतील हजारो हातांचे काम ओसरले.

पण याच इतिहासाला दुसरे पानही आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली 1960 साली मालकांशी करार केला. यंत्रे आणावीत, परंतु कायम नोंदणीच्या कामगारास कामावरून काढू नये, आणि यंत्राने होणाऱ्या बचतीतून कामगारांसाठी निधी उभारावा, असे त्यात ठरले. यंत्राच्या लाभात वाटा मागता येतो हे त्या कराराने दाखविले. त्यातील उणीवही तितकीच बोधप्रद आहे: दुय्यम नोंदणीचे कामगार या हमीबाहेर राहिले. ज्याची नोंद नाही त्याला वाटा नाही, हा त्याचा धडा आहे.

आता पुन्हा फडाकडे वळू या. राज्य शासनाने 2023 मध्ये ऊसतोडणी यंत्रांच्या खरेदीसाठी अनुदानाची योजना आणली: किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. हे यंत्र ऊस तोडते, तुकडे करते आणि सोबतच्या वाहनात भरते. म्हणजे ओझे आणि भाकरी ही दोन्ही ते एकाच घासात गिळते. शिवाय त्याला लांब-रुंद सपाट फड लागतो. आजऱ्याच्या चढ-उतारांच्या, तुकड्या-तुकड्यांच्या रानात त्याला वळायलाही जागा नाही. परिणामी सपाटीवरील कामगाराचे काम जाईल आणि डोंगराळ भागातील कामगाराचे ओझे तसेच राहील, अशी ही दुहेरी हानी आहे.

वास्तविक मधली पायरी उपलब्ध होती. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात आधी भरणीची यंत्रे पसरली. तोडणी यंत्राचा सार्वत्रिक प्रसार त्यानंतर, 1970 च्या दशकाच्या अखेरपर्यंत पूर्ण झाला. भरणीचे यंत्र तोडणाऱ्याचा कोयता हिरावून घेत नाही, फक्त त्याच्या डोक्यावरचा भार घेते. पंज्याने ऊस गोळा करणाऱ्या लोडरमध्ये माती मिसळते, ही तक्रार खरी आहे. पण बांधलेली मोळी वर नेणारा चाकांवरचा सरकता पट्टा किंवा ट्रॅक्टरच्या शक्तीवर चालणारी छोटी यारी यांना ती लागू पडत नाही. लहान घटकाच्या यंत्राचा जो आग्रह डॉ. लोहियांनी धरला होता, तो अशाच रानांसाठी होता. भरणी लवकर झाली तर वाहनाची फेरी वाढते आणि ऊस ताजा पोचतो. तेव्हा वाटून घेण्यासारखी बचत येथे निश्चित आहे. प्रश्न वाटणीचा आहे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तीही संपानंतर. यंत्र येताच त्या दरातून ‘भरणीचे पैसे’ कापले जाणार नाहीत, याची हमी संघटनेशिवाय कोण देणार?

यंत्र आले की सुरक्षितता आली, असेही समजू नये. 1 ऑगस्ट 2023 रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर तुळया उचलणारी अजस्र यारी कोसळली आणि 20 जण ठार झाले. 1948 च्या कारखाने अधिनियमाने उचल-यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची वर्षातून किमान एकदा कसून तपासणी व्हावी आणि सुरक्षित भाराचा आकडा यंत्रावर स्पष्ट लिहावा, असे बंधन घातले होते. तो कायदा आता 2020 च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला आहे. कायद्याचे नाव बदलले तरी दोर झिजायचा तो झिजतोच. लोखंडाच्या दोरावर किती भार द्यावा हे ठरविणाऱ्या समाजाने बाईच्या मानेवर किती द्यावा हे ठरवू नये, ही विसंगती मात्र तशीच आहे.

कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात तीन कामे करावीत. पहिले मोजणीचे: फडात जाऊन मोळी तोलावी, फेऱ्या मोजाव्यात, आणि ते आकडे कारखान्याच्या सभासदांपुढे ठेवावेत. सहकारी कारखान्याच्या यारीची मालकी शेतकऱ्यांकडे आहे आणि मोळी वाहणारा त्या सहकारात सभासद नाही, ही गोष्ट सभासदांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली पाहिजे. दुसरे नोंदणीचे: प्रत्येक कोयत्यातील दोन्ही माणसांची, विशेषतः बाईची, तिच्या स्वतःच्या नावाने नोंद व्हावी. तिसरे मागणीचे: तोडणी यंत्राला मिळणारे अनुदान भरणीच्या यंत्रांनाही मिळावे, ती यंत्रे टोळ्यांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची असावीत, आणि टनाचा दर एका पैशानेही घटू नये.

गव्हाणीत पहिली मोळी टाकताना पुढच्या हंगामीही फोटो निघतील. ती मोळी फडातून ट्रकमध्ये कोणाच्या डोक्यावरून चढली, एवढा एक प्रश्न त्या समारंभात जाहीरपणे विचारला गेला, तरी कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.