नोकरी सांभाळून ‘कॅट’

आयआयएमच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘कॅट’ परीक्षेला वयाची अट नाही. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला पदवीला ५० टक्के गुण असले की बसता येते. परीक्षा बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस, संगणकावर, दोन तासांची असते. इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण आणि गणित या तीन भागांना प्रत्येकी ४० मिनिटे मिळतात. एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, तर बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास १ गुण वजा.

चाळिशीतल्या उमेदवाराला धास्ती असते ती गणिताची. प्रत्यक्षात टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग हा बहुतांश शाळेचाच अभ्यास. गंजलेला असतो तो हिशेबाचा वेग, आणि तो रोजच्या तासाभराच्या सरावाने परततो. उलट कचेरीत अहवाल हाताळणाऱ्याला उताऱ्यांवरचे प्रश्न पुष्कळदा सोपे जातात. सराव परीक्षा मात्र सुटीच्या दिवशी, सलग दोन तास बसूनच द्यावी. लोकलमध्ये मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी सोडवलेली प्रश्नपत्रिका फारशी उपयोगाची नाही.

‘कॅट’चे गुण एकच वर्ष चालतात, ‘जीमॅट’ या दुसऱ्या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेचे पाच वर्षे. अनुभवी नोकरदारांसाठीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना ‘जीमॅट’ही चालते; रजा आणि बढतीचे वेळापत्रक अनिश्चित असेल, तर तीच अधिक सोयीची.