हिवाळ्यात बुलढाण्याची जंगलवाट
निवृत्त झालात, गाडी दाराशी आहे, तर या थंडीत दोघं मिळून बुलढाण्याची अभयारण्यं पाहून या. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचं ज्ञानगंगा अस्वलांचं रान. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरुण वाघ २०१९ मध्ये १,३०० किलोमीटरची पायपीट करून इथेच पोचला होता! तिथून लोणार. उल्कापातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. काठावरच्या गोमुखाची धार गोड, खालचं तळं मात्र खारट. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात. म्हणून सकाळीच जा. सवड असेल तर सातपुड्यातलं अंबाबरवा अभयारण्यही पाहा. मुक्काम मात्र गावात किंवा वनविभागाच्या परवानगीनंच. कानटोपी आणि बीपीच्या गोळ्या हाताशी ठेवा.