हरलेला संघ पुन्हा उभा कसा राहतो?



आज मी हैदराबादच्या एका शाळामास्तरांबद्दल बोलणार आहे. सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे रहीमसाहेब. ‘मैदान’ चित्रपटामुळे काहींना हे नाव माहीत असेल. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. पण मला त्यांच्या विजयांपेक्षा पराभवानंतरचं त्यांचं वागणं जास्त शिकवून जातं.

१९५२, हेलसिंकी ऑलिम्पिक. युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं धुऊन काढलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात : नशिबाला दोष द्यायचा, नाहीतर एखाद्याला बळीचा बकरा करायचा. रहीमसाहेबांनी उणिवा शोधल्या. पुढे बूट सक्तीचे झाले. दुबळ्या पायानेच खेळायचं, चेंडू एकट्याने पळवत न्यायचा नाही, असे नियम घालून त्यांनी स्पर्धा घेतल्या. खेळाडूला जे जमत नाही, तेच त्याच्याकडून करून घ्यायचं.

चार वर्षांनी मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच. आपण हरलो, पण ४-१ ने. दहावरून चारवर येणं हीसुद्धा प्रगतीच, आणि ती मोजता आली पाहिजे.

आता १९६२, जकार्ता. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० ने गमावला. नंतर बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. बचावात हेडिंग टाळता येत नाही. रहीमसाहेबांनी त्यांना घरी बसवलं नाही, आघाडीला खेळवलं. अंतिम सामन्यात समोर तोच कोरिया, आणि भारताविरुद्ध ओरडणारा प्रचंड जमाव. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले. भारत २-१ ने जिंकला. त्या पथकात चुनी गोस्वामी कर्णधार होते; थंगराज, युसूफ खान, बलराम, गोव्याचे फ्रँको होते. कोण कुठल्या धर्माचा, हे पाहून जागा ठरली नव्हती. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने गाठलं होतं. जून १९६३ मध्ये ते गेले.

आणि इथेच मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. त्यानंतर आजतागायत भारताला एशियाडचं फुटबॉल सुवर्ण मिळालेलं नाही. माणूस गेला आणि त्याच्याबरोबर पद्धतही गेली. ती चूक त्यांची नव्हती. मागे राहिलेल्यांनी ती जपली नाही.

आपल्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिका, मंडळं, मुलींचे गट यांचंही असंच होतं. एक तळमळीचा माणूस असतो तोवर सगळं चालतं. तो थकला की कुलूप. म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे : कुणी तारणहार येईल याची वाट पाहू नका. आपलं काय कमी पडतं ते कागदावर लिहा. ज्याला एक काम जमत नाही, त्याला दुसरी जागा द्या. मुलींना बाकावर बसवून ठेवू नका, मैदानात उतरवा. आणि तुम्ही जे शिकलात ते तुमच्यानंतर येणाऱ्या दोघांना तरी शिकवा.

रहीमसाहेबांची आठवण ठेवायची, तर ती अशी ठेवू या.