उंबऱ्यावरची जागा



ऐंशीच्या दशकात ओनिडा टीव्हीची एक जाहिरात फार गाजली. तिच्यात शिंगं-शेपटीवाला एक सैतान असायचा. शेजाऱ्याला वाटणारा हेवा हाच मालकाचा अभिमान, असा तिचा मथितार्थ. जाहिरात लिहिणाऱ्याला लहान गावातली गल्ली चांगलीच ठाऊक असावी.

आमच्या तालुक्याच्या गावी शेजारच्या आडतवाल्या काकांकडे रंगीत टीव्ही होता. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि दर रविवारी सकाळी निम्मी गल्ली त्यांच्या सोप्यात जमू लागली. मी तेव्हा आठवीत होतो. गादीवर घरचे आणि त्यांच्या बरोबरीचे, पोरंटोरं फरशीवर, मी उंबऱ्यावर. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण लहान गावात आपली जागा न सांगता कळते.

माझे अब्बा पिंजारी. त्या गादीतला कापूस त्यांनीच पिंजला होता, खोळ भरून टाके अम्मीने घातले होते. आमच्या घरी मात्र आम्ही पोरं गोधडीवर झोपायचो. पडद्यावर वनवास चालायचा आणि माझी नजर त्या गादीवर असायची.

काका-काकू वाईट नव्हते. ईदला आमच्याकडून शिरखुर्म्याचा डबा जायचा, काकूंनी तो कधी रिकामा परत केला नाही. अब्बांचाही ताठा कमी नव्हता. काकांनी एकदा मजुरीवर दहा रुपये जास्त दिले, ‘पोराला वह्या घ्या’ म्हणाले. अब्बांनी ते तिथल्या तिथे परत केले. मी उंबऱ्यावर बसतो हे कळलं तेव्हा एवढंच म्हणाले, “उद्यापासून जायचं नाही.” पुढच्या रविवारी मी खिडकीबाहेरून पाहिलं.

१९८८ मध्ये ‘महाभारत’ आलं. संवाद राही मासूम रझांचे. ते नाव पडद्यावर दिसलं की वाटायचं, आपल्यातलं कुणीतरी थेट आत जाऊन बसलंय.

बी.ए. झालो, नोकरी लागली. पहिली वस्तू घेतली ती हप्त्यावर रंगीत टीव्ही. दार सताड उघडं, आवाज मुद्दाम मोठा. तोवर काकांची आडत बसली होती आणि त्यांचा बिघडलेला टीव्ही तसाच पडून होता. १९९६ च्या विश्वचषकाचा सामना चालू होता. काकांचा नातू आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला पाहिलं, पण ‘ये’ म्हणालो नाही. खरं सांगतो, बरं वाटलं.

अब्बा उठले. आपल्या खाटेवरची गादी ओढून त्यांनी टीव्हीसमोर घातली आणि म्हणाले, “बस, बाळ. तुझ्या आजोबांकडे आहे ना, तसलीच आहे.” पोरगा गादीच्या अगदी कडेला, अंग चोरून बसला. मी उंबऱ्यावर बसायचो तसा. त्या दिवशी सामन्याचं काय झालं, ते मला आठवत नाही.

आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे. शेजाऱ्याच्या दारात कुणी उभं राहत नाही. हेवा गेला असं नाही. फक्त कुणाला ‘बस’ म्हणायची वेळ येत नाही आणि माझ्यासारख्याला लाज वाटायचीही.