बारावीचा अभ्यास आणि मैदानावरील तास

दहावीचा निकाल हाती आला की अहिल्यानगर जिल्ह्यात घरोघर एक लहानशी परिषद भरते. वडील, चुलते, मामा आणि शेजारचे एखादे गुरुजी यांच्या या परिषदेत दोन ठराव बहुधा एकमताने संमत होतात. पहिला असा की, मुलाने अथवा मुलीने विज्ञान शाखा घ्यावी. आणि दुसरा असा की, कबड्डी, पेटी, नाटक, छात्रसेना हे सर्व आता दोन वर्षे बंद ठेवावे. ज्याच्याविषयी हे ठराव व्हावयाचे त्याचे मत क्वचितच विचारले जाते. पहिल्या ठरावाची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. दुसरा मात्र तपासून न पाहताच अमलात येतो, म्हणून त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

या जिल्ह्यातील पालकांची काळजी निष्कारण आहे असे कोणी म्हणणार नाही. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली नगर शहरात अहमदनगर कॉलेज काढले. त्यापूर्वी मॅट्रिक झालेल्या येथील मुलास पुढे शिकावयाचे तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. तेव्हाची अडचण अंतराची आणि पैशाची होती. पुढे संगमनेर, श्रीरामपूर, लोणी, कोपरगाव येथे महाविद्यालये निघाली, १९६८ साली राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ स्थापन झाले, आणि अंतर बरेच तुटले. त्याच्या जागी आता चुरस आली आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलून अहिल्यानगर झाले. पण गावोगावच्या या चुरशीचे स्वरूप काही बदलले नाही.

तेव्हा प्रथम हे स्पष्ट व्हावयास पाहिजे की, खेळास अथवा कलेस प्रवेशाच्या वेळी मोल किती. दहावीस ते आहे. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा, शास्त्रीय गायन-नृत्य, लोककला आणि क्रीडास्पर्धा यांबद्दल शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात. खेळाडूस ते बारावीसही मिळू शकतात. परंतु वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर, अभियांत्रिकीचा ‘सीईटी’ वा ‘जेईई’वर ठरतो, बारावीच्या गुणांची तेथे केवळ किमान अट असते. अर्थात बारावीचे वाढीव गुण त्या दारापाशी पोहोचल्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरतात. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे प्रवेश देताना विद्यार्थ्याने शाळेबाहेर काय केले हे विचारतात. आपल्याकडे तसे विचारीत नाहीत. अलीकडे मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२४ पासून खेळाडूंसाठी आणि पुढील वर्षापासून कलावंतांसाठी थोड्या जादा जागा ठेविल्या आहेत. पण त्यांसाठीही ‘जेईई ॲडव्हान्स्ड’च्या गुणवत्ता यादीत नाव यावे लागतेच.

एक वाट मात्र निराळी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत लेखी परीक्षेनंतर निवड मंडळापुढे कित्येक दिवस कसोटी चालते. तेथे उमेदवार चार जणांस बरोबर घेऊन अडथळा कसा ओलांडतो, बोलतो कसा, हे पाहिले जाते. मैदानावर ज्याने कधी संघ सांभाळला नाही त्याला हे आयत्या वेळी शिकविता येत नाही. २०२२ पासून तेथे मुलीही दाखल होऊ लागल्या आहेत. ज्या शहरात चिलखती दलाचे केंद्र आहे, तेथील मुलींना तरी हे मुद्दाम सांगावयास नको.

मग एवढी एक वाट वगळली तर खेळ सोडावा, असे याचे उत्तर निघते काय? निघत नाही; कारण प्रश्न गुणांचा नसून तासांचा आहे. पारनेर अथवा अकोले तालुक्यातील एखाद्या गावाहून रोज तालुक्यास जाणारा विद्यार्थी घ्यावा. निजण्यास आठ तास दिले की सोळा उरतात. त्यांतून महाविद्यालयाचे सहा, खासगी शिकवणीचे तीन, एस. टी.चे दोन, आणि स्नान, जेवण व घरची कामे यांचे दोन तास वजा करावे. उरतात तीन. या तीन तासांतच त्याने पुस्तक उघडून, कोणी न सांगता, स्वतः गणित सोडवावयाचे असते. आणि खरे शिकणे घडते ते याच वेळात. घरातील मंडळी कबड्डीचा एक तास कापतात, पण एकच प्रकरण सकाळी शिकवणीत आणि दुपारी वर्गात दोनदा ऐकण्यात जे तास जातात त्यांकडे पाहत नाहीत. कापावयाचेच असेल तर ते दुहेरी ऐकणे कापावे. यावर तोड म्हणून पुष्कळ ठिकाणी मुले महाविद्यालयात केवळ नाव घालतात आणि दिवसभर शिकवणीवर्गात बसतात. हा उपाय रोगाहून वाईट आहे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांत प्रात्यक्षिकांस शंभरपैकी तीस गुण असतात, आणि प्रयोगशाळेत हात न घातलेला मुलगा पुढे अभियंता झाला तरी कशाचा होणार!

दुसरी एक चूक अकरावीविषयी होते. दहावी झाली, बारावी दूर आहे, मध्ये मंडळाची परीक्षा नाही. म्हणून अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानले जाते आणि सगळा भार बारावीवर लोटला जातो. वस्तुस्थिती अशी की, ‘नीट’ दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमावर असते आणि ‘सीईटी’तही सुमारे पाचवा हिस्सा अकरावीचा असतो. अकरावी वाया गेली म्हणजे बारावीत दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात करावा लागतो, आणि मग पहिला बळी मैदानाचा पडतो. अकरावीत नियमाने अभ्यास करणाऱ्यास बारावीत खेळावयास वेळ सापडतो. हे ऐकावयास उलटे वाटले तरी हिशेब असाच आहे.

त्यातही एकच छंद धरावा. तबला, वक्तृत्व, क्रिकेट आणि गणेशोत्सवातील नाटक ही चारही ओझी वाहणारा कोठेच पोहोचत नाही. शिवाय वर्षाचे पंचांग पाहिले तर ते विद्यार्थ्यास बरेच अनुकूल आहे. शालेय क्रीडास्पर्धांच्या तालुका व जिल्हा पातळीच्या फेऱ्या साधारणतः पावसाळ्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत आटोपतात. मंडळाची परीक्षा फेब्रुवारीत, ‘सीईटी’ आणि ‘नीट’ त्यानंतर उन्हाळ्यात. दिवाळीपर्यंत रोज तास-दीड तास आणि पुढे केवळ शरीर हलके राहील इतका अर्धा तास, अशी विभागणी कबड्डीपटूस साधते. नाटकवाल्याची गोष्ट अवघड. स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत येतात, आणि ‘जेईई’ची पहिली फेरी नेमकी जानेवारीत. ज्यास ती परीक्षा द्यावयाची आहे त्याने बारावीच्या वर्षी संमेलनातील मुख्य भूमिका दुसऱ्यास द्यावी, हे स्पष्ट सांगणे बरे. नेपथ्याचे काम, पडदा ओढण्याचे काम, यांतही रंगभूमीची संगत सुटत नाही.

येथे कोणी श्रीरामपूरच्या जहीर खानाचे नाव घेईल. त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून मुंबई गाठली, २००० साली तो भारताकडून कसोटी खेळला आणि ३११ बळी घेऊन निवृत्त झाला. जिल्ह्यास त्याचा अभिमान असणे योग्यच आहे. परंतु ते समतोलाचे उदाहरण नव्हे. ते एका गोष्टीसाठी दुसरी टाकण्याचे उदाहरण आहे, आणि असे धाडस ज्याच्या चेंडूत तो वेग आहे त्यानेच करावे.

या सर्व चर्चेत एक वर्ग विसरला जातो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. मागे आजीजवळ राहून बारावी करणाऱ्या मुलीला सकाळचे पाणी, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची शाळा ही कामे असतात. शिकवणीचे तीन तास तिच्या दिवसात बसत नाहीत. मैदानाचा तास तर दूरच. अभ्यासाखेरीज काय करतेस, या प्रश्नास तिच्यापाशी ढालतलवारीचे पदक नसते, पण ती एक घर चालवीत असते. तिला वसतिगृह मिळाले तर अभ्यास आणि खेळ दोन्ही मिळतात. ते न मिळाले तर बहुधा दोन्ही जातात. व्यावसायिक शिक्षणात मुलींना आठ लाखांच्या आतील उत्पन्नावर शिक्षणशुल्काची पूर्ण सवलत २०२४-२५ पासून लागू झाली आहे, हे चांगलेच. पण त्या सवलतीपर्यंत पोहोचावयाचे ते अकरावी-बारावीच्या या दोन वर्षांतूनच.

आणि जेथे वसतिगृह नाही तेथे एक क्षुल्लक दिसणारी गोष्ट पाहावी. महाविद्यालय सुटते आणि गावाकडची गाडी लगेच निघते; पुढची गाडी अंधार पडल्यावर, किंवा मुळीच नसते. त्यामुळे सरावास थांबणे गावातील मुलीस शक्यच होत नाही, आणि शहरवस्तीतील तिच्या मैत्रिणीचे नाव संघात लागते. तालुक्यातील पाच-सहा गावांच्या पालकांनी आणि प्राचार्यांनी मिळून आगाराकडे अर्ज करावा आणि ती गाडी तासभर उशिरा सोडण्याची मागणी करावी. जूनमध्ये वेळापत्रक ठरण्यापूर्वी हा अर्ज आगारात पोहोचला पाहिजे.